वाचकांचे प्रश्न : चाकाचा स्टड घरी बदलताना

प्रश्न : टायर बदलताना एअर गनने नट आवळले गेले आणि पुढच्या चाकाच्या एका स्टडचे (चाकाचा नट ज्यावर चढतो त्या दांड्याचे) आटे गेले. नट निघाला, पण पुन्हा चढत नाही. ब्रेक डिस्कचे आहेत. हा स्टड घरी बदलता येईल का?

उत्तर : बहुतेक गाड्यांवर येतो. आधी नुकसान किती ते पाहा. टोकाचेच एक-दोन आटे चेपले असतील, तर त्याच मापाची डाय (आटे पाडायचे हत्यार) फिरवून काम भागते. मधले आटे सोलले गेले असतील किंवा नटाबरोबर धातूची तार निघून आली असेल, तर स्टड बदलायचा आणि त्यावरचा नटही फेकायचा. त्या नटाचे आटे आतून दुखावलेले असतात. तो नव्या स्टडवर चढवला की नवाही खराब होतो.

स्टड हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागात, आट्यांवर बसलेला नसतो. डोक्याजवळ त्याला उभे दाते असतात आणि ते हबच्या भोकात दाबून बसवलेले असतात. त्यामुळे जुना स्टड गाडीच्या आतल्या बाजूला ढकलून काढायचा आणि नवा त्याच बाजूने घालून बाहेर ओढून घ्यायचा.

गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावा. चाक जमिनीवर टेकलेले असतानाच बाकीचे नट थोडे सैल करा, मग गाडी उचलून जॅक स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर हे काम करू नका, कारण हबवर चांगलाच जोर लावावा लागतो.

चाक काढल्यावर कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ब्रॅकेटसकट सोडवा. त्याला मागून दोन बोल्ट असतात. कॅलिपर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगून ठेवा. तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबत राहिला तर नळी आतून चिरू शकते आणि बाहेरून काही दिसत नाही. या काळात ब्रेकचे पेडल कोणी दाबणार नाही हे पाहा. डिस्क गंजाने चिकटली असेल, तर पुष्कळ डिस्कवर आटे पाडलेली दोन भोके असतात (बहुधा ८ मिमीच्या बोल्टची). त्यांत बोल्ट आळीपाळीने आवळत गेले की डिस्क सुटून येते.

आता हब हाताने फिरवून खराब स्टड मागच्या मोकळ्या जागेसमोर आणा. पुष्कळदा पत्र्याच्या डस्ट शील्डला तिथे खाच असते. जुना काढण्यापूर्वीच नवा स्टड त्या जागेतून तिरपा घालून पाहा. तो भोकासमोर सरळ होत नसेल, तर इथेच थांबा. काही गाड्यांत त्यासाठी हब बेअरिंगमधून बाहेर काढावा लागतो. त्याला प्रेस लागतो, बेअरिंगही बहुधा नवे घालावे लागते. ते गॅरेजचेच काम.

जागा असेल तर भोकाच्या कडेला गंज सोडवणारे तेल मारा. मग बॉल जॉइंट काढायचा पुलर किंवा दणकट सी-क्लॅम्प लावून स्टड मागे दाबा. क्लॅम्प वापरताना मागच्या बाजूला स्टडचे डोके आत मावेल एवढा सॉकेट धरा. हातोड्यानेही स्टड निघतो, आणि कित्येक गॅरेजांत तो तसाच काढतात. पण प्रत्येक घाव हबमधून बेअरिंगवर जातो. गोळ्या कड्यांवर आपटून बारीक खळगे पडतात आणि पुढे चाकातून घरघर सुरू होते. वीस मिनिटे वाचवण्यासाठी बेअरिंग पणाला लावण्यात अर्थ नाही.

भोक तारेच्या ब्रशने साफ करा. नवा स्टड मागून घालून बोटांनी हळूहळू फिरवा. दाते जुन्या खाचांत बसले की हाताला कळते. पुढून त्यावर चार-पाच जाड वायसर घाला, वायसरांच्या मधे ग्रीस लावा आणि त्याच मापाचा साधा, दोन्ही बाजूंनी उघडा षटकोनी नट चढवा. बंद टोपीचा चाकाचा नट इथे घेऊ नका. स्टडचे टोक आत टेकले की तो अडतो आणि स्टड बसला असा भास होतो. दुसऱ्या दोन स्टडवर नट चढवून त्यांच्यामधे पहार अडकवा, म्हणजे हब फिरणार नाही. मग हातपान्याने सावकाश आवळा, गन नको. सुरुवातीला जोर एकसारखा लागतो, डोके टेकले की पाना एकदम जड होतो. तरीही मागून बॅटरी मारून बघाच : डोके आणि हब यांच्यात केसभरही फट नको.

प्रश्न : वायसर कशाला? चाक बसवून नट आवळला की स्टड आपोआप ओढला जातो, असे सांगतात.

उत्तर : ओढला जातो, पण कुठवर ते दिसत नाही. डोके मिलिमीटरभर बाहेर राहिले, तर गाडी चालताना ते हळूहळू आत सरकते आणि त्या नटाची पकड सुटते. शिवाय अलॉय चाकाची नट बसण्याची जागा त्या ओढाताणीत खरवडली जाते.

प्रश्न : स्टड मागवताना कोणती मापे सांगायची?

उत्तर : गाडीचे मॉडेल, वर्ष आणि पुढचे की मागचे चाक हे सांगून भाग क्रमांकानेच मागवा. मापे पडताळणीसाठी. मोटारींत १२ मिमी जाडीचे स्टड सर्रास आढळतात, पण आट्यांचे अंतर कुठे १.२५ तर कुठे १.५ मिमी. १.५ चा नट १.२५ च्या स्टडवर एखादा आटा चढतो आणि अडकतो. तिथे बळ लावले की दोन्ही गेले. दात्यांचा व्यासही मोजमापाच्या व्हर्नियर कॅलिपरने मोजा, कारण आटे जुळूनही तो वेगळा असू शकतो. कमी असेल तर स्टड भोकात फिरतो, जास्त असेल तर बसता बसत नाही. काही गाड्यांना मात्र स्टड नसतातच, चाक बोल्टने थेट हबमध्ये आवळलेले असते. तिथे हे सगळे लागू नाही.

प्रश्न : माझ्या गाडीत नटाबरोबर स्टडही फिरतो. नट निघत नाही.

उत्तर : दात्यांची पकड गेली आहे. पहारीने चाक बाहेरच्या बाजूला दाबून धरा आणि दुसऱ्याला नट सोडवायला सांगा; ताणामुळे कधी कधी दाते पुरेसे धरतात. नाहीतर नट स्प्लिटरने फोडायचा किंवा स्टड मधोमध ड्रिल करायचा. नवा स्टड त्या भोकात घट्ट बसला नाही, तर हबच बदला. वेल्डिंगने स्टड चिकटवून देणाऱ्याला हात लावू देऊ नका. हे स्टड उष्णसंस्कार केलेल्या पोलादाचे असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने त्यांची ताकद जाते.

प्रश्न : चारपैकी एक तुटला आहे. काही दिवस तीनवर चालवू का?

उत्तर : नाही. शेजारच्या दोन स्टडवर ताण वाढतो आणि पुढचे तेच तुटतात. तुटलेला भाग पाहा. अर्धा गुळगुळीत, त्यावर कमानीसारख्या रेषा आणि उरलेला खडबडीत असेल, तर नट सैल असताना गाडी बराच काळ चालली आहे. मग त्या चाकाचे चारही बदला.

प्रश्न : पुन्हा गंजू नये म्हणून आट्यांना ग्रीस लावावे का?

उत्तर : गाडीच्या पुस्तिकेत तसे लिहिले नसेल तर नाही. नटाचा टॉर्क (आवळताना द्यायचा पिळाचा जोर) कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो. ग्रीसमुळे घर्षण घटते, तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. १२ मिमीच्या स्टडला साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात, पण आकडा पुस्तिकेतलाच घ्या. ग्रीसऐवजी हब आणि चाक जिथे एकमेकांना टेकतात तिथला गंज घासून काढा. तो दबला की नट सैल होतात. नट आधी हाताने चढवा. १२ × १.५ ला किमान आठ पूर्ण फेरे, १२ × १.२५ ला दहा फेरे बसायला हवेत. मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, शेवटचा टॉर्क चाक जमिनीवर टेकवून द्या आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क रेंच लावून पाहा.