हेलिकॉप्टर जमिनीला न टेकवता पोलिसांना त्यात चढवतात, ते कितपत सुरक्षित असतं?

तुम्ही विचारलंय की जंगलातल्या मोहिमेत पोलीस हॉवरमधल्या, म्हणजे हवेत एका जागी थांबलेल्या हेलिकॉप्टरमध्ये चढतात, त्यात धोका किती आणि त्यापेक्षा विंच, म्हणजे माणसाला दोराने वर ओढून घ्यायचं यंत्र, बरी नाही का. मी दाबोळीला, नौदलाच्या हंसा तळावर हेलिकॉप्टरच्या ग्राउंड क्रूत होतो, आता वास्कोतच असतो. माझं मत विचाराल तर, सराव असलेल्या जवानांना हे जमतं. सोबतच्या पंचाला किंवा रानात चुकलेल्या ट्रेकरला असं चढवूच नये.

स्किड, म्हणजे हेलिकॉप्टरखालची चाकांऐवजीची लांब दांडी, जमिनीपासून फूटभरच वर असते, त्यामुळे पडायची भीती नाही. भीती वजनाची. जॅकेट, बंदूक, सॅक मिळून शंभरेक किलोचा गडी एका बाजूला पाय ठेवतो आणि मशीन त्या बाजूला कलतं. पायलट सायक्लिक, म्हणजे मशीन कलवायची दांडी, उलट दिशेला देऊन ते सावरतो. तेवढ्यात गडी बिचकून खाली उतरला, तर तीच सावरासावर मशीनला दुसरीकडे कलवते. म्हणून सॅक आधी आत द्यायची, पाय सावकाश ठेवायचा, आत गेल्यावर लगेच खाली बसायचं. एका वेळी एकच जण. दारात बेल्ट लावून बसलेला क्रूमन ‘एक स्किडवर... आत... बसला’ असं इंटरकॉमवर सांगत असतो, कारण पायलटला मागचं दिसत नाही.

खरा घात होतो तो स्किड खडकाच्या कपारीत किंवा मुळात अडकली तर. मग तीच बिजागरी होते. कलण्याला वेग आला की साधारण 5 ते 8 अंशांतच सायक्लिक निकामी ठरतं. याला डायनॅमिक रोलओव्हर म्हणतात. तिथे वर उचलायचा मोह आवरून, हिसका न देता कलेक्टिव्ह, म्हणजे मशीन वर-खाली करायची दांडी, खाली घ्यावं लागतं.

आपल्याकडे गोव्यात सत्तरी-काणकोणच्या उतारांवर चढाच्या बाजूने हेलिकॉप्टरकडे कधीच जाऊ नये. तिथे जमीन वर येते, पातं मात्र आहे तिथेच फिरतं. वायरलेसची एरियल दुमडायची, बंदुकीची नळी खाली. मे महिन्यात सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावरची, तांबडी धूळ अशी उठते की पायलटला जमीन दिसेनाशी होते. माडांजवळ वाळक्या झावळ्या उडतात त्या वेगळ्याच.

आता विंच. आमच्या चेतक हेलिकॉप्टरला स्किड नाही, तीन चाकं; समुद्रातून माणूस उचलायचा तर विंचच. पण दर फेरीला वेळ जातो आणि जमिनीपासून उंचावरच्या हॉवरला ताकद जास्त लागते. उन्हाळ्याच्या दुपारी हवा विरळ, इंजिनही कमी जोर देतं, तेव्हा ती शिल्लक राहतेच असं नाही. त्यामुळे जवळपास सपाट सडा असेल तर मी म्हणेन, मोहीम दहा मिनिटं लांबू दे, सगळ्यांनी तिथवर चालत जावं आणि हेलिकॉप्टर नीट टेकवून चढावं.