छाटणीच्या फांद्यांचं तेल नको, कोळसा करा

तुम्ही विचारलंय, आंबा-काजूच्या छाटणीतून वर्षाला आठेक टन फांद्या निघतात, त्यांचं पायरोलिसिस केलं, म्हणजे हवा न देता तापवलं, तर निघणारं तेल पंपाच्या डिझेल इंजिनात चालेल का आणि जोडीला बायोचार, म्हणजे मातीत घालायचा कोळसा, विकता येईल का. आधी एकच सांगतो, ते तेल इंजिनात घालू नका.

'तेल' या नावानेच घोळ होतो. त्यात १५ ते ३० टक्के पाणी असतं, सामू २-३, म्हणजे जवळजवळ लिंबाचा रस. उष्णता डिझेलच्या निम्मीसुद्धा नाही आणि डिझेलमध्ये ते मिसळतही नाही. मी हौसेने पिंपाच्या भट्टीला नळी लावून धरलं होतं. वर लालसर आंबूस पाणी, खाली डांबर. साध्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं, तर दिवाळीपर्यंत डब्याचा तळ गेला आणि पडवीला आठवडाभर धुराचा वास. (काजूच्या टरफलाचं तेल वेगळं, त्याच्याशी गल्लत नको.)

हेच लाकडाचं तेल, म्हणजे बायोऑइल, नीट हवं तर २-३ मिलिमीटरचा भुसा, ओल १० टक्क्यांच्या आत, ५०० अंशांच्या आसपास झटक्यात तापवायचा आणि वाफ दोनेक सेकंदांत थंड करायची. मग वजनाच्या ६०-७० टक्के द्रव मिळतो. फिनलंडमध्ये योएन्सूला २०१३ मध्ये असा कारखाना सुरू झाला, वर्षाला ५० हजार टन तेलाचा. तो वीजकेंद्राला जोडूनच उभारला, म्हणजे भुसा तापवायची गरम वाळू तिथल्या बॉयलरमधून यावी आणि तयार झालेला कोळसा त्याच बॉयलरमध्ये जळावा. तेलही भरपूर आणि बायोचारही भरपूर, असं एकाच लाकडातून होत नाही, यंत्र विकणारा काहीही सांगो.

आठ टनांचा कोळसा करायला शंकूसारखा खड्डा पुरतो, दीड मीटर रुंद, पाऊण मीटर खोल. फांदी कट्टकन मोडली पाहिजे, वाकली तर परत उन्हात. मनगटाहून जाड असेल ती फोडा, पाला आळ्यात घाला. जाळ वरून लावायचा, वरच्या थरावर पांढरी राख धरू लागली की पुढचा थर. वर ज्वाळ आहे तोवर खालच्या कोळशाला हवा मिळत नाही. राब भाजणाऱ्याला यात नवं काही नाही, फक्त राख व्हायच्या आत भरपूर पाणी ओतून विझवायचं. वाळल्या लाकडाच्या पाचव्या हिश्श्याइतका कोळसा हाती लागतो. तुकडा खणकन वाजला आणि बोटाचं काळं नुसत्या पाण्याने गेलं, तर जमला. चिकट राहिलं तर कच्चा.

कोरा कोळसा मात्र मातीत टाकू नका, आधी तो नत्र ओढून घेतो आणि रोपं पिवळी पडतात. पंधरा दिवस शेणकाल्यात भिजवून कंपोस्टात मिसळा. जांभ्याच्या आम्लधर्मी मातीला त्याचा अल्कलीपणा मानवतो.

विकायचा असेल तर एक लक्षात ठेवा: १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात कोळसा वनोपज धरलाय, मग तो तुमच्या बागेतला का असेना. गाडी भरायच्या आधी वनखात्यात वाहतूक परवान्याचं विचारून घ्या.