प्राचीन ग्रीक लोक झ्यूस या देवांच्या राजाची पूजा मंदिरात आत जाऊन करायचे का?

नाही, मुख्य पूजा बाहेर, उघड्यावर व्हायची. मंदिर म्हणजे देवाच्या मूर्तीचं घर, ऑलिम्पियाला तर आत फिडियसने घडवलेली सोन्याची आणि हस्तिदंताची जवळपास १२ मीटर उंच मूर्ती होती, पण बळी द्यायचा तो बाहेरच्या वेदीवर. आणि ही वेदी दगडाची नव्हती बरं का, राखेची होती! बळी दिलेल्या जनावरांच्या मांड्या जाळून उरलेल्या राखेची ती बनली होती, शिवाय तिथल्या अखंड पेटत्या चुलीतली राख आल्फिऑस नदीच्या पाण्यात कालवून वेदीवर थापायचे, दरवर्षी असं करत करत ती २२ फूट उंच झाली, असं पौसानियस हा प्रवासी इ.स. दुसऱ्या शतकात लिहून गेलाय. ऑलिम्पिक खेळांच्या वेळी १०० बैल कापायचे, मांस लोकच खायचे.

पण मला स्वतःला डोडोना जास्त जवळचं वाटतं. वायव्य ग्रीसमध्ये आहे, तिथे झ्यूस ओकच्या झाडातून बोलतो अशी श्रद्धा. लोक शिशाच्या पातळ पट्टीवर प्रश्न कोरून विचारायचे, अशा हजारो पट्ट्या सापडल्यात. एकात आगिस नावाचा माणूस विचारतोय, माझ्या गोधड्या आणि उशा गेल्या, त्या हरवल्या की बाहेरच्या कोणी चोरल्या? दुसऱ्यात लायसानियस विचारतो, अन्नुलाच्या पोटातलं मूल माझंच आहे ना? एवढ्या मोठ्या देवाला माणसं घरातली इतकी साधी गोष्ट विचारत होती, हे वाचून खरंच भरून येतं.