ड्राइव्ह हाताशी ठेवायची तर

अरे, लॅमिंग्टन रोडवरून आणलेली ती एक टीबीची डिस्क तुझ्या लिनक्सवर माउंट झालीय, म्हणजे एका फोल्डरला जोडली गेलीय, फक्त तुला दिसत नाहीये. तू ती 'एमएनटी' फोल्डरखाली लावलीस. तिथल्या गोष्टी फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत आपणहून येत नाहीत. 'मीडिया'खाली लावलेल्या येतात.

घाई असेल तर फोल्डर उघड आणि कंट्रोल-डी दाब, बुकमार्क तयार. पण डिस्क माउंट झालेली नसेल तर त्या बुकमार्कवर क्लिक केल्यावर रिकामा फोल्डर उघडतो, आणि माणूस घाबरतो की फोटो गेले कुठे!

कायमचा इलाज एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठे लावायची हे लिहिलेल्या सिस्टिमच्या फाइलमध्ये. आधी त्या फाइलची कॉपी काढून ठेव. डिस्कची ओळ लिहिताना 'एसडीबी१' असलं नाव देऊ नकोस, ते पुढच्या वेळी बदलू शकतं. टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके' कमांडला हायफन 'एफ' पर्याय दिलास की यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांक, मिळेल, तो घाल. त्याच ओळीतल्या पर्यायांत 'एक्स-जीव्हीएफएस-शो' टाकलंस की डिस्क पट्टीत दिसायला लागेल. हे नॉटिलस, निमो, थुनार या फाइल मॅनेजरांसाठी. केडीई डेस्कटॉपच्या डॉल्फिनचा कारभार वेगळा.

आणि पर्यायांत 'नोफेल' विसरू नकोस, म्हणजे डिस्क नसली तरी मशीन सुरू होतं. मी विसरलो होतो. डिस्क राहिली ऑफिसात, मी घरी डोंबिवलीला. मशीन दीड मिनिट वाट बघत बसलं आणि मग थेट इमर्जन्सी मोड, म्हणजे नुसता कमांडचा काळा पडदा. त्या रात्री मोबाइलवर वाचत वाचत एफएसटॅबमधली डिस्कची ओळ काढली.

रीस्टार्टच्या आधी 'सुडो माउंट' हायफन 'ए' ही कमांड चालवून बघ, ती एफएसटॅबमधलं सगळं माउंट करून बघते. ओळ लिहिण्यात चूक असेल तर बहुतेक तिथेच बोंबलेल.