अमेरिकन रॉक गायक रॉबर्ट पोलार्डचे शंभरावर अल्बम आहेत. ऐकायला सुरुवात कुठून करू? आणि एवढं सगळं काढण्यापेक्षा त्याने मोजकंच पण चांगलं काढायला नको होतं का?

सुरुवात त्याच्या 'गायडेड बाय व्हॉइसेस' या बँडच्या 'बी थाउजंड'पासून करा. १९९४ चा अल्बम, २० गाणी, साधारण ३६ मिनिटं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. दुसरा प्रश्न मात्र मला लागला, कारण माझा एक अगदी जवळचा मित्र मला हेच गेली दहा वर्षं ऐकवतोय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, गगनबावडा तालुक्यात. माझ्याकडे चौथीचा वर्ग असतो. पोलार्डही ओहायोतल्या डेटनमध्ये चौथीच्याच मुलांना शिकवायचा, १४ वर्षं शिकवलं त्याने. दिवसा शाळा, आणि मग मित्रांना जमवून कुणाच्या तळघरात, कुणाच्या गॅरेजमध्ये चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर गाणी. १९८६ पासून पदरमोड करून 'गायडेड बाय व्हॉइसेस'च्या रेकॉर्ड्स काढत होता आणि गावाबाहेर त्यांना कुणी विचारत नव्हतं. १९९२ मध्ये 'प्रोपेलर' काढला तो शेवटचा म्हणूनच. ५०० प्रती, आणि प्रत्येकीचं कव्हर वेगळं, हाताने केलेलं. 'बी थाउजंड' आला तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. तोवर त्याने 'मोजकंच' केलं असतं तर तो अल्बम झालाच नसता.

आता माझी गोष्ट. २०१४ च्या पावसाळ्यात वर्गात मुलांबरोबर एक गाणं जुळवलं. 'पत्र्यावर पाऊस, पाटीवर पाऊस, सतराचा पाढा वाहून गेला.' आमच्याकडे पाऊस लागला की पत्र्याखाली शिकवणं अशक्य, मास्तरचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नाही. मग गाणीच म्हणायची. फोन टेबलावर ठेवून रेकॉर्ड केलं, पावणेदोन मिनिटांचं. माझी गिटार, एकोणीस पोरं आणि वर पत्रा. तिसऱ्या ओळीला पोरं ठेका सोडून पुढे पळतात आणि मी त्यांच्यामागे. मध्येच एक मुलगी ओरडते, "सर, घंटा मी वाजवणार!" आणि शेवटी खरोखरच घंटा होते. आमची घंटा म्हणजे तारेला टांगलेला रुळाचा तुकडा.

मित्राला पाठवलं. कोल्हापुरात कॉलेजला असताना आमचा बँड होता, त्यात तो लीड गिटार वाजवायचा. आता पुण्यात असतो. तो म्हणाला, गाणं भारी आहे, पण हे असं ठेवू नकोस, नीट कर. दिवाळीच्या सुट्टीत पुण्यातल्या एका स्टुडिओत गेलो. २२ हजार रुपये, निम्मे त्याने घातले. क्लिकवर, म्हणजे कानातल्या ठरावीक टिकटिकीवर वाजवायचं म्हणून तिसऱ्या ओळीचं पळणं गेलं. माझा आवाज थोडा खाली लागतो, तो मशीनवर उचलून सरळ केला. पोरं पुण्याला नेणं शक्य नव्हतं, म्हणून मागे कोरस तीन मोठ्या माणसांचा. पावसाशिवाय गाणं कसं होणार, म्हणून तिथल्या माणसाने कॉम्प्युटरवरून तयार पाऊस आणून लावला. तो झाडांवरचा पाऊस होता. पत्र्यावरचा पाऊस कानाला वेगळा लागतो, हे मी त्याला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, ऐकणाऱ्याला काय कळतंय.

सुट्टी संपल्यावर वर्गात स्पीकर लावून ते ऐकवलं. पोरं शांतपणे, हाताची घडी घालून ऐकत बसली. संपल्यावर एकाने विचारलं, "सर, आमचं गाणं कधी लावणार?"

त्यानंतर मी स्टुडिओत गेलो नाही. जवळजवळ दर आठवड्याला एक गाणं फोनवर करतो आणि ठेवतो. चारशेच्या वर झाली आहेत. मित्राचं म्हणणं, हा नुसता साठा आहे, त्यातली दहा काढ आणि बाकीची पुसून टाक. यावरून आमचं इतकं वाजलं की वर्षभर आम्ही फोनसुद्धा केला नाही एकमेकांना. त्याच काळात माझ्या आतेभावाने, तो ओहायोतच कोलंबसला असतो, आमचं पावसाचं गाणं ऐकून मला 'बी थाउजंड' पाठवला. पहिल्याच गाण्यात मध्येच गिटार गायब होते आणि थोड्या वेळाने परत येते. टेपची गडबड. त्यांनी ती तशीच राहू दिली. मी तेवढाच भाग पुन्हा पुन्हा लावत बसलो, ताट समोर निवून गेलं.

तर 'मोजकं पण चांगलं' म्हणणाऱ्यांना माझं सरळ विचारणं आहे: चांगलं कुठलं हे करायच्या आधी कळतं का? 'एलियन लेन्स' (१९९५) मध्ये ४१ मिनिटांत २८ गाणी आहेत, काही तर मिनिटभराचीही नाहीत. सुचलं, वाजवलं, पुढे गेले. तेव्हा मागे 'मॅटाडोर'सारखी रेकॉर्ड कंपनी उभी होती, तरी रेकॉर्डिंग घरच्याच मशीनवर. जुन्या कॅसेटमध्ये पडून राहिलेली १०० गाणी त्याने २००० साली 'सूटकेस' नावाने चार सीडींवर काढली, प्रत्येक गाण्याला एकेका खोट्या बँडचं नाव देऊन. २०१७ चा 'ऑगस्ट बाय केक' हा त्याचा शंभरावा अल्बम, त्यातही ३२ गाणी. २०१९ मध्ये 'गायडेड बाय व्हॉइसेस'चे तीन अल्बम, २०२० मध्ये पुन्हा तीन. आणि १९९९ चा 'डू द कोलॅप्स' ऐका. 'द कार्स' या बँडच्या रिक ओकॅसेकने निर्मिती केलेला, घासूनपुसून लख्ख केलेला. तो लावला की मला पुण्यातला तो तयार पाऊस आठवतो.

एक मात्र मान्य करायला हवं. २००१ चा 'आयसोलेशन ड्रिल्स'ही व्यवस्थित स्टुडिओतलाच आहे आणि तो मला अतिशय आवडतो, त्यामुळे सगळा दोष स्टुडिओवर टाकता येणार नाही. तुम्हाला आवाज स्वच्छ आणि गाणं पूर्ण लागत असेल, तर 'बी थाउजंड' बाजूला ठेवून तिथूनच सुरुवात करा. मीही त्याचे सगळे अल्बम ऐकलेले नाहीत, चाळीसेक झाले असतील. त्यांतली कितीतरी गाणी चाल पकडते न पकडते तोच संपतात आणि चुटपुट लागते. एकट्याच्या नावावरचं ऐकायचं तर २००६ चा 'फ्रॉम अ कंपाउंड आय' घ्या. कुठलाही घ्या, पण मधलीच गाणी उचलून ऐकू नका. छोट्या गाण्यांना आजूबाजूची गाणी लागतात.

गेल्या मे महिन्यात मित्र घरी आला होता. पेन ड्राइव्ह हातात दिला, म्हटलं, तूच निवड दहा. महिन्याभराने यादी आली. अकरा गाणी होती, आणि पहिलं पावसाचं, फोनवरचं. पुण्याचं यादीतच नव्हतं. बाकीची पुसून टाक, हे अजूनही म्हणतो. मी पुसणार नाही. त्याच्या अकरांतली सहा तर मला आठवतही नव्हती.