थायलंडच्या कोह ताओ बेटावर बॅकपॅकिंग करताना स्कुबा शिकायचंय. कान दुखला तर कळ काढून खाली गेलेलं चालतं का?

तुम्ही बरंच काही विचारलंय. कोर्स कोह ताओवर करावा की आधी मालवणला बघावं, किती दिवस लागतात, पोहणं किती यायला हवं. त्याकडे येते. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, 'मला सर्दीचा कोठा आहे, मित्र म्हणतो कान दुखला तर जरा कळ काढायची, आपोआप मोकळा होतो.' हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. नाही होत आपोआप मोकळा. तुमच्या मित्रासारखाच एक मावसभाऊ मला आहे, आणि त्याच्याबरोबरच मी कोह ताओला स्कुबा शिकले.

दादा कऱ्हाडचा. कृष्णा-कोयनेच्या संगमावर पोहत लहानाचा मोठा झालेला, पुराच्या पाण्यात उडी मारल्याचे किस्से आजही सांगतो. मी विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकलेली. त्यामुळे बेटावर पोचायच्या आधीच ठरलेलं होतं की तो लगेच शिकणार आणि मला सांभाळून घ्यावं लागणार.

झालं उलटंच. पट्टीचे पोहणारे स्कुबाचे सगळ्यात वाईट विद्यार्थी असतात, हे माझं ठाम मत आहे. पाण्यात गेलं की त्यांचे हात चालायलाच लागतात. स्कुबात हातांना काही काम नसतं. ते छातीशी धरायचे, पाय सावकाश मारायचे आणि श्वास लांब घ्यायचा. दादा हात मारायचा, दमायचा, धापा टाकायचा. माझ्या टाकीत अर्ध्याहून जास्त हवा शिल्लक असायची तेव्हा याच्या टाकीतल्या हवेच्या दाबाचा काटा ५० बारवर आलेला असायचा, आणि ५० उरले की वर यायचं असतं. म्हणजे याच्यापायी सगळ्यांची डाइव्ह आटोपायची. ते मात्र कुणी घरी सांगत नाही.

शिवाय मिशी. मास्कची रबरी कड कातडीला चिकटून बसावी लागते. दादाच्या झुपकेदार मिशीतून पाणी आत यायचंच. आमची इन्स्ट्रक्टर फ्रेंच होती, अतिशय शांत बाई. तिने त्याला दोन पर्याय दिले, एकतर नाकाखालची मिशी थोडी कातर नाहीतर दर दोन मिनिटांनी मास्कमधलं पाणी काढत बस. साताऱ्याचा माणूस मिशी कातरतोय होय! पाण्याखाली नाकाने हवा सोडून मास्क रिकामा करायला लोक घाबरतात, याचा त्यात हात एवढा बसला की काय सांगू.

तर मुद्द्याचं. कोर्स पार पडला, दोघांना ओपन वॉटरचं, म्हणजे स्कुबाच्या पहिल्या पायरीचं, कार्ड मिळालं. त्यानंतर सेल रॉकची डाइव्ह घेतली. कोह ताओ आणि कोह फांगान यांच्या मधोमध समुद्रातून वर आलेला हा एकटा खडक. थायलंडच्या आखातातल्या उत्तम जागांपैकी एक, आणि नशीब असेल तर व्हेल शार्क दिसतो. आदल्या रात्री आमच्या डॉर्मचा एसी असा होता की आत कलेवरं ठेवायची असावीत. सकाळी नाक थोडं जड होतं, पण बोटीवर नाक दाबून फुंकर मारली की कान व्यवस्थित मोकळे होत होते, म्हणून उतरले.

दोराला धरून पाय खाली ठेवून निघालो. चारेक मीटरवर डावा कान अडला. मीटरभर वर आले, आवंढा गिळला, जबडा हलवला, नाक दाबून हलकेच फुंकर मारली. परत खाली, परत तेच. कुणीतरी कानात स्क्रू ड्रायव्हर पिळतोय असं ते दुखणं. मी अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला' एवढाच. दादाने मला हाताने 'ये गं, ये खाली' केलं. मी परत अंगठा केला. आमच्या गाइडने बघितलं, दोघांनाही वर बोट दाखवलं. दादा माझा बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार होता, त्यामुळे माझ्याबरोबर वर येणं त्याला भाग होतं. सावकाश वर आलो आणि बोटीवर केळी खात बसलो.

पाऊण तासाने बाकीचे आरडाओरडा करतच वर आले. व्हेल शार्क. अंगावर पांढरे ठिपके, लहान टेम्पोएवढा, त्यांच्या डोक्यावरून गेला म्हणे. एकाने व्हिडिओ दाखवला. दादाने तो न बोलता दोनदा बघितला.

त्यानंतर आमच्याकडे एकही दिवाळी अशी गेली नाही की हा विषय निघाला नाही. 'आगं, दोन मिन्टं कळ काढली आसतीस तर! चार मीटरवर आसतंय का कुठं कान दुखणं?' मावशी एकटी माझ्या बाजूने, पण तिचं कारण वेगळं, 'बरं झालं वर आलात, चावला असता म्हणजे?' व्हेल शार्क प्लवक आणि बारीकसारीक जीव गाळून खातो हे तिला पटत नाही.

आता तुमच्या निमित्ताने दादाला उत्तर. चार मीटरवरच दुखतो कान! पृष्ठभागापासून दहा मीटरवर जाईपर्यंत दाब दुप्पट होतो, म्हणजे हवा दाबून निम्मी होते. वीसवरून तीस मीटरला जाताना ती एक तृतीयांशावरून एक चतुर्थांशावर येते. सगळ्यात मोठा फरक वरच्या मीटरांतच पडतो. कानाच्या पडद्यामागे हवा असते आणि ती घशाकडे जाणाऱ्या बारीक नळीतून भरून काढावी लागते. नळी सर्दीने सुजली असेल तर हवा जात नाही, आणि तसंच खाली रेटलं तर दाबाने ती आणखी घट्ट मिटते. मग तुम्ही कितीही कळ काढा. दुखणं थांबतं ते पडदा फाटल्यावर. मग गार पाणी मधल्या कानात शिरतं आणि अशी गरगर होते की वर कुठलं नि खाली कुठलं कळत नाही. म्हणून कान दुखायला लागण्याआधीच, उतरायला सुरुवात केल्यापासून दर मीटरला मोकळा करत जायचं.

दादाचा दुसरा मुद्दा, 'गोळी घ्यायची हुतीस.' गोळीने नाक उघडतं, खाली जाता येतं, आणि तिचा असर खाली असतानाच ओसरला तर वर येताना कानातली हवा अडकते. खाली जाणं रद्द करता येतं, वर येणं रद्द कसं करणार? डाइव्ह कुणालाही, कधीही, कारण न देता थांबवता येते. कोर्समध्ये आम्हाला हे शिकवलं होतं. दादा तेव्हा बहुधा मास्कमधलं पाणी काढत होता.

बाकी प्रश्न. पोहणं २०० मीटर, न थांबता, वेळेची अट नाही; आणि दहा मिनिटं पाण्यावर तरंगणं. कोर्स तीन-चार दिवसांचा, थिअरी घरूनच ऑनलाइन संपवून जा, सुट्टीत कोण अभ्यास करतं. १८ मीटरपर्यंतचं कार्ड मिळतं. कार्ड देणाऱ्या संस्थांपैकी पॅडी की एसएसआय यावर डोकं शिणवू नका, दोन्हींची कार्डं सगळीकडे चालतात. एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी तेवढं विचारा. खर्च दहा-अकरा हजार बाटच्या आसपास धरा, बऱ्याच ठिकाणी त्यात खोली येते. एसीची चौकशी करा.

दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका. आपल्याकडे पाऊस थांबतो तेव्हा त्या आखातात सुरू होतो, नोव्हेंबर सगळ्यात वाईट. बेटावर स्कूटर घेऊ नका, निदान कोर्स संपेपर्यंत. चढ भयंकर आहेत आणि गुडघे सोलून घेतलेली मुलं किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांच्या डाइव्ह बघत असतात. शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास विमान नाही. कोह सामुईहून उडणार असाल तर आधीच हिशोब करा.

मालवणला जे करतात त्यात इन्स्ट्रक्टर तुम्हाला टाकीला धरून फिरवून आणतो. फोटो छान येतात, शिकणं काही होत नाही. हां, तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात रीतसर कोर्सही होतात हे सांगायला हवं, आणि पाण्याची भीती कितपत आहे हे कमी पैशात कळतं हेही खरं. पण तुम्ही थायलंडला जाणारच आहात.

सर्दीचा कोठा आहे म्हणजे कोर्स करूच नये असं नाही. माझाही आहे, आणि त्या सकाळनंतर मी पुष्कळ डाइव्ह केल्यात. पण कोर्सच्या आधी आरोग्याचा फॉर्म भरावा लागतो, त्यात सायनस आणि कानाबद्दल विचारतात. 'हो' लिहिलं की डॉक्टरची सही लागते, म्हणून लोक सर्रास 'नाही' लिहितात. तुम्ही निघायच्या आधी इकडेच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, तो फॉर्म छापून न्या आणि त्यांची सही घ्या. मित्रही बरोबर येणार असेल तर त्याला बडी करू नका. इन्स्ट्रक्टरला सांगून दुसरा कुणीतरी मागून घ्या, अनोळखी असला तरी चालेल.