रुमाल टाकून जागा मिळते ती एस.टी.त

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री साडेअकराचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. नोकरी लागली तेव्हाही तू एवढं लांबलचक लिहिलं नव्हतंस. संध्याकाळी सात वाजता, जिममध्ये ऐन गर्दीत, बेंचवर टॉवेल टाकून तू पाणी भरायला गेलास, वाटेत पुलीवर, त्या तारेनं वजन ओढायच्या यंत्रावर, एक सेट मारलास आणि परत आलास तर तुझा टॉवेल रॅकच्या दांडीवर आणि बेंचवर भलताच माणूस. मग शब्दाला शब्द. 'काका, मीपण पैसे भरलेत ना?' असं शेवटी विचारलंयस. भरलेस रे. त्यानंही भरलेत. खरं सांगतो, तुझी बाजू घ्यायची फार इच्छा होती, पण मेसेज दुसऱ्यांदा वाचला आणि ती गेली.

टॉवेल टाकून जागा धरायची ही आपली एस.टी.ची सवय. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल आत टाकायचा आणि मग दारातून रेटारेटी करत सावकाश चढायचं. मीही आयुष्यभर केलंय. तिथं ते खपतं, कारण एकदा बसलास की सांगलीपर्यंत ती सीट तुझी. जिममधला बेंच सांगलीला जात नाही.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळं हिशोब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. तू पाच सेट मारतोस म्हणालास. एका सेटला, म्हणजे न थांबता वजन उचलायच्या एका फेरीला, चाळीस सेकंद धर. पाच सेटचे झाले दोनशे सेकंद, म्हणजे साडेतीन मिनिटंसुद्धा नाहीत. मधल्या चार विश्रांत्या तीन-तीन मिनिटांच्या, त्यांची झाली बारा मिनिटं. म्हणजे सव्वा पंधरा मिनिटांच्या वर तू बेंच अडवलास आणि त्यातली बारा मिनिटं त्यावर वजन उचललंच जात नव्हतं. विश्रांती घेऊ नकोस असं नाही म्हणत मी. जड वजनाला दोन-तीन मिनिटं द्यावीच लागतात, तेवढ्या वेळात स्नायूंमधली झटकन वापरायची ताकद भरून येते. पण ती उभ्यानंही भरते, त्यासाठी बेंच बुडाखाली लागत नाही. त्या बारा मिनिटांत, दर विश्रांतीत एक असे, दुसऱ्याचे चार सेट आरामात बसतात. त्याचे चाळीस सेकंद, रॉडवरच्या वजनाच्या प्लेटा बदलायला अर्धं-अर्धं मिनिट, तरी तुझ्या वाट्याला मिनिटभर उरतंच.

कोल्हापूरच्या आमच्या तालमीत हा प्रश्न वेगळ्या प्रकारे सुटलेला होता, कारण रॉडच मुळी एक होता. 1984 साली मी जायला लागलो तेव्हा आमची तालीम म्हणजे तांबड्या मातीचा हौदा, कोपऱ्यात शेंदूर लावलेला मारुती, दोन-चार मुद्गल आणि शाहूपुरीतल्या कुणीतरी करून दिलेला तो लोखंडी रॉड. जोर आणि सपाट्या मारून पोरं रॉडपाशी जमायची. वस्ताद कुस्तीची जोड लावावी तशी रॉडची जोड लावायचे, अंगाबांध्यानं आणि ताकदीनं जवळच्या दोघांची. एकाचा सेट झाला की तो बाजूला बसत नसे, पुढच्यासाठी त्यानंच प्लेटा चढवायच्या. त्यामुळं व्हायचं काय, की समोरचा किती उचलतो, कितव्या वेळेला त्याचा हात थरथरतो, डावा खांदा कसा मागं पडतो, हे सगळं आपोआप ठाऊक व्हायचं. तुम्ही लोक कानात ते बोंडुक घालून तीन महिने शेजारी-शेजारी व्यायाम करता आणि एकमेकांचा आवाज ऐकता तो भांडताना.

तर आता कामाचं. बेंच रिकामा दिसला आणि वर टॉवेल, बाटली, मोबाइल असं काही असलं तर आधी आजूबाजूला बघून मोठ्यानं विचारायचं, 'इथं कोण आहे का?' त्या माणसानं हे केलं नाही, तेवढी त्याची चूक. कुणी त्यावर असेल तर 'झालं का तुझं?' असं विचारू नकोस, ते घरमालकानं भाडेकरूला विचारल्यासारखं वाटतं. 'किती सेट राहिलेत?' हा खरा प्रश्न. दोन म्हणाला तर थांब. चार म्हणाला तर पुढचं विचार, 'मग आलटून-पालटून मारूया का?' दहातले नऊ जण हो म्हणतात. आणि सेट चालू असताना विचारायचं नाही. माणूस वजनाखाली असताना त्याला उत्तर द्यायला लावणं म्हणजे जेवणाऱ्याला ठसका लागलाय आणि आपण त्याला बाजारभाव विचारतोय. रॉड जागेवर ठेवू दे, दोन श्वास घेऊ दे, मग बोल.

नाही म्हणायचा हक्कही असतोच. तो एकशे चाळीस किलोवर बैठका मारतोय, तू साठवर. प्रत्येक वेळी चार-चार प्लेटा उतरवायच्या आणि चढवायच्या, शिवाय तुझ्या आणि त्याच्या उंचीत वीतभर फरक असला तर रॅकचे हूकसुद्धा खालीवर करायचे, त्यात दोघांचाही व्यायाम बोंबलतो. अशा वेळी 'तीन राहिलेत, झाले की हाक मारतो' म्हटलं तर कुणी रागावत नाही, फक्त नंतर खरंच हाक मारायची. आणि ते तुझं सुपरसेटचं, दोन व्यायाम एकामागोमाग मारायचं प्रकरण, एक पाय बेंचवर, एक पुलीवर, ते सकाळी अकरा वाजता कर, जिमच्या फरशीवर लोळलास तरी कुणी विचारणार नाही. संध्याकाळी सात वाजता एका माणसाला एकच जागा.

प्लेटांबद्दल मात्र मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण तिथं मी स्वतः मार खाल्लाय.

1986 चा गणपती तोंडावर आला होता. माझा शेवटचा सेट झाला, ढोलाच्या सरावाला जायची घाई होती. बेंचच्या स्टँडवर रॉड ठेवला आणि उजव्या बाजूच्या दोन्ही प्लेटा एकदम काढून घेतल्या. पंधरा-पंधरा किलोच्या होत्या. मी त्या भिंतीला टेकवायला वळलो आणि मागं एक आवाज झाला. रॉड डाव्या बाजूला कलला, उजवं टोक हवेत उडालं आणि मारुतीसमोरच्या समईला लागून खाली आलं. समई वाकली. तिच्यापासून हातभर अंतरावर वस्तादांचा नातू बसला होता, सहा-सात वर्षांचा, हरभरे खात. त्याला काही झालं नाही. वस्तादांनी मला एक शब्द विचारला नाही, समई उचलून माझ्या हातात दिली. तांबट आळीत जाऊन ती सरळ करून आणली तोवर सराव संपला होता. अजूनही ती तिथंच आहे आणि नीट बघितलं तर मानेत किंचित वाकडी दिसते.

तुमच्या जिममधला रॉड वीस किलोचा, सात फुटांवर लांब असतो, रॅकही रुंद असतो, त्यामुळं एका प्लेटेनं तो लगेच उडणार नाही. आमचा रॉड हलका होता आणि स्टँड अरुंद. पण एका बाजूला तीन-चार प्लेटा आणि दुसरी बाजू मोकळी, असं झालं की तोही उडतो. म्हणून एक इकडची काढायची, एक तिकडची. काढलेली प्लेट जिथली तिथं, वीसवर वीस, पाचवर पाच. तुझ्यानंतर येणारी व्यक्ती साठ वर्षांची असू शकते, पहिल्याच आठवड्यात आलेली एखादी मुलगी असू शकते. तू रॉडवर शंभर किलो तसेच सोडून गेलास तर व्यायाम सुरू करायच्या आधी तिनं तुझी हमाली करायची. आमच्या इथल्या जिममध्ये झाडलोट करणाऱ्या मावशी आहेत. रात्री साडेनऊला पोरं गेली की त्या जमिनीवर पडलेले डंबेल गोळा करतात. साडेबावीसचा डंबेल त्या दोन्ही हातांनी पोटाशी धरून, बाळ उचलल्यासारखा नेतात आणि कमरेत मोडून स्टँडवर ठेवतात. त्यांच्या पगारात हे बसत नाही. मी एकदा हे बघितलं आणि तेव्हापासून कुणाचा डंबेल खाली दिसला तर त्याच्या घामाळ पाठीवर टकटक करतो. लोकांना मी आवडत नाही, ते असो.

आता घाम. टॉवेल आणला होतास, ही चांगली गोष्ट, पण तो बेंचवर जागा धरायला नसतो, तुझी पाठ आणि बेंच यांच्या मध्ये पसरायला असतो. उठलास की पुसून घे. यात नुसती किळस नाहीये. नायटा, गजकर्ण हे अंगाला अंग लागून पसरतात तसे ओल्या टॉवेलवरून आणि न पुसलेल्या बेंचवरूनही पसरतात. अंगावर नायटा दिसला की वस्ताद त्या पोराला हौद्यात उतरू देत नसत, मग तो कितीही मोठ्या घरचा असो. फाटलेलं रेक्झिन असेल तर त्यातला स्पंज आदल्या दहा जणांचा घाम धरून बसलेला असतो, तिथं टॉवेल दुपदरी घाल. दुसरा छोटा टॉवेल तोंड पुसायला. एकाच टॉवेलनं दोन्ही करणारे लोक मी बघितलेत, मी त्यांच्याशी हस्तांदोलन करत नाही.

कुणी सपोर्ट, म्हणजे वजन उचलताना मदतीचा हात, मागितला तर दे आणि नीट दे. आधी विचार, किती मारणार आहेस आणि कुठं हात लावू. तो स्वतः 'घे' म्हणेपर्यंत किंवा रॉड खाली यायला लागेपर्यंत बोट लावायचं नाही. पहिल्या सेकंदापासून रॉड ओढत 'उचल भावा, हे तूच उचलतोयस!' ओरडणारे सगळीकडं असतात, त्यात खाली झोपलेल्याच्या छातीपेक्षा वर उभा असलेल्याच्या पाठीचा व्यायाम जास्त होतो. तुला सपोर्ट हवा असेल तर ज्याचा सेट नुकताच संपलाय त्याला विचार, जो सुरू करतोय त्याला नको. एकटाच बेंचवर असशील आणि कुणी मिळत नसेल तर रॉडला लॉक, म्हणजे प्लेटा घसरू न देणारी ती कडी, लावू नकोस. अडकलास तर एका बाजूला कलवून प्लेटा पाडून सुटता येतं. आवाज होईल, लोक बघतील, बघू देत.

आणि सल्ले. कुणी चुकीचा व्यायाम करताना दिसला की आपल्याला तोंड उघडल्याशिवाय राहवत नाही, कोल्हापूरच्या पाण्यातच ते आहे, हे पत्र त्याचाच पुरावा. तरी सांगतो, न विचारता शिकवू नकोस. मुलींना तर अजिबात नको. त्यांना रोज चार जण शिकवायला येतात आणि त्या चौघांना व्यायामातलं काही कळतं असा माझा अनुभव नाही. मान मोडेल, पाठ जाईल असं काही दिसलं तर जाऊन ट्रेनरला सांग. व्हिडिओ काढायचा तर कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडं करून काढ, मागं वाकून प्लेट उचलणारी बाई तुझ्या रीलमध्ये यायला काही कारण नाही. डंबेल उचलला की स्टँडपासून दोन पावलं मागं ये, तिथंच आरशात बघत उभा राहिलास तर बाकीच्यांनी हात कुठून घालायचा?

त्या माणसाचं काय करायचं ते विचारलंस. काही करू नकोस. तो परवा येईल, तूही जाशील. तो बेंचवर असेल तर जाऊन विचार, 'किती सेट राहिलेत?' टॉवेलचा विषय काढू नकोस, माफीबिफीही नको, एवढं काही घडलेलं नाही. तुझ्या वर्णनावरून तो तुझ्यापेक्षा दहा-पंधरा किलोच जास्त मारतो असं दिसतंय, म्हणजे जोडीला बरा आहे.

येत्या महिन्यात तुझ्या काकीच्या डोळ्याच्या तपासणीसाठी पुण्याला यायचंय. दोन दिवस मुक्काम आहे. तुझ्या जिममध्ये एका दिवसाचे किती पैसे घेतात ते विचारून ठेव. डॉक्टरांनी मला चाळीसच्या वर जाऊ नको म्हणून सांगितलंय, तेव्हा माझ्या पाळीला दर वेळी प्लेटा उतरवाव्या लागतील, आणि त्या तू उतरवायच्यास.

तुझा
काका